चाओचौचा थोरला दगडी पूल



एखाद्या मोठ्या बांधकामापुढें माणूस उभा राहिला म्हणजे त्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा, कीं हें कोणीं बांधलें? आणि या प्रश्नाचें उत्तर देतांना जगांतील बहुतेक सर्व लोकांनीं सारखाच कृपणपणा दाखविला आहे. ज्या हातांनीं दगड घडविले त्या हातांस श्रेय देण्याऐवजीं तें देवाला, दैत्याला किंवा एखाद्या पुराणपुरुषाला देऊन लोक मोकळे होतात. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत सातवाहन व क्षत्रप कुळांतील दात्यांचे लेख भिंतींवर कोरलेले असतांना लोकांच्या तोंडीं त्यांचें नांव ‘पांडवलेणीं’ असेंच आहे. आज ज्या पुलाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें त्याचीहि गोष्ट याच जातीची आहे. फरक इतकाच, कीं या पुलाच्या बाबतींत एका माणसाचें नांव दगडावर राहून गेलें.

हा पूल उत्तर चीनमधील होपेइ प्रांतांत आहे. बीजिंगच्या दक्षिणेस सुमारें तीनशें किलोमीटरांवर चाओ नांवाचें एक तालुक्याचें गांव लागतें. त्याचें जुनें नांव चाओचौ. गांवाच्या दक्षिणेस दीड मैलावर श्याओ नावाची नदी आहे, आणि तिच्यावर हा पूल उभा आहे. सुंग राजवटीच्या काळीं त्याला ‘आन-ची’, म्हणजे ‘सुखरूप पैलतीर’, असें दरबारी नांव मिळालें. पण आसपासचे लोक त्याला नुसतें ‘थोरला दगडी पूल’ म्हणतात. तो स्वेइ राजवटींत, इ. स. ६०५ च्या सुमारास, पुरा झाला. म्हणजे आपल्याकडे हर्षवर्धन गादीवर येण्याच्या बेतांत होता आणि ह्युएन त्संग चीनमध्यें अजून बालवयांत होता, त्या वेळचा हा पूल. आणि तो आजहि जागेवर आहे.

प्रथम तो दिसतो कसा तें सांगतों. जुना दगडी पूल म्हटला म्हणजे पात्रांत ओळीनें रोवलेले जाड खांब आणि त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानींची रांग, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. चाओचौच्या पुलाला पात्रांत एकहि खांब नाहीं. या काठावरून त्या काठावर एकच कमान गेली आहे. तिचा गाळा सुमारें ३७ मीटर, म्हणजे १२१ फूट भरतो. आणि उंची मात्र अवघी सव्वासात मीटर, म्हणजे २४ फुटांच्या आंतबाहेर आहे. वर्तुळाच्या चौथ्या हिश्श्याहूनहि थोडा लहान असा हा तुकडा. प्रत्यंचा चढविलेलें धनुष्य आडवें धरावें तशी ती कमान दिसते. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन लहान कमानी बसविल्या आहेत. बाहेरच्या मोठ्या, आंतल्या त्याहून लहान. त्यांतून पलीकडचें आकाश दिसतें, आणि त्यामुळें दगडाचें एवढें ओझें असूनहि पूल अंगानें हलका वाटतो.

हा आकार नुसत्या शोभेसाठीं घेतलेला नव्हे. शेंकडों वर्षांच्या फाटाफुटीनंतर स्वेइ घराण्यानें ५८९ सालीं सर्व चीन एका छत्राखालीं आणला होता. सैन्य, धान्य आणि कराचा माल दक्षिणोत्तर हलविण्यासाठीं रस्ते, कालवे आणि पूल यांची त्या राजांना निकड होती. चाओचौ उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होतें. श्याओ नदी आज अगदींच क्षीण झाली आहे. पण त्या काळीं पावसाळ्यांत पश्चिमेकडील थायहांग पर्वतावरून तिला दांडगे पूर येत, आणि एरवीं तिच्यांतून नावाहि चालत. पात्रांत खांब रोवले असते, तर पुराला अडथळा आणि नावांना अडचण. खांबांवांचून, रोमन पद्धतीची अर्धवर्तुळाकार कमान टाकावी म्हटलें, तर १२१ फुटांच्या गाळ्याला ती साठ फूट उंच चढवावी लागली असती. साठ फुटांचा चढ म्हणजे तो पूल कसला, टेकडीच. ओझ्यानें भरलेल्या बैलगाड्या त्यावर चढणार कशा आणि चढल्याच तर उतरणार कशा? म्हणून कमान चपटी केली, आणि गाड्यांना सुखानें चढतां-उतरतां येईल असा बेताचा उतार साधला.

परंतु चपटेपणाची किंमत द्यावी लागते. ती कोणती, हें आपण घरबसल्या पाहूं शकतां. बांबूची एक लवचीक कामटी घ्या. मेजावर दोन पुस्तकें थोड्या अंतरावर उभीं करून त्यांच्यामध्यें ती वांकवून बसवा आणि वरून बोटानें दाबा. पुस्तकें बाहेरच्या बाजूला सरकूं लागतील. कमान आपलें ओझें नुसतें खालीं सोडीत नाहीं. ती काठांना बाहेर रेटते, आणि कमान जितकी चपटी तितका हा रेटा मोठा. एरवीं अशा कमानीच्या दोन्ही पायांशीं डोंगराएवढें बांधकाम असावें अशी आपली अपेक्षा असते. पण प्रत्यक्षांत खणून पाहिलें तेव्हां काय सांपडलें? काठावरचें बांधकाम म्हणजे चिऱ्यांचे अवघे पांच थर, मिळून जाडी सुमारें पांच फूट. आणि ते थर खडकावर नव्हेत, तर नदीकांठच्या नैसर्गिक चिकणमातीवर सरळ ठेवलेले. ज्यानें ही जागा निवडली त्याला माती कळत होती, असेंच म्हटलें पाहिजे. तीच माती चौदाशें वर्षांहून अधिक काळ हें ओझें वाहत आली आहे.

आतां त्या खांद्यांवरच्या लहान कमानींकडे वळूं. थोरली कमान आणि वरचा रस्ता यांच्यामध्यें दोन्ही टोकांशीं त्रिकोणासारखी जागा सुटते. साधा गवंडी ती दगड-मातीनें भरून काढतो, आणि तो तसें करतो यांत त्याचा दोष नाहीं. सर्व जगांत तसेंच करीत. येथें मात्र ती जागा पोकळ ठेवली. त्यानें एका दगडांत अनेक पक्षी मारले गेले. शेंकडों टन दगड वांचला. ओझें कमी झाल्यामुळें काठांवरचा रेटा कमी झाला, आणि म्हणूनच पांच थरांचें बांधकाम पुरलें. शिवाय पूर चढला म्हणजे पाणी या खिडक्यांतून निघून जातें. पुलाची पाणी सोडण्याची शक्ति त्यांमुळें सुमारें सहाव्या हिश्श्यानें वाढते असा अभियंत्यांचा हिशेब आहे. चपटी कमान ही कांहीं या पुलाचीच मिरास नव्हे. रोमन लोकांनींहि कांहीं ठिकाणीं अशा कमानी बांधल्या होत्या. चपटी कमान आणि तिच्यावर पोकळ खांदे या दोहोंचा मेळ घालून बांधलेल्या, आज उभ्या असलेल्या पुलांत मात्र हा सर्वांत जुना होय. युरोपांत खांदे पोकळ ठेवलेला असा मोठा पूल दिसतो तो चौदाव्या शतकांत, दक्षिण फ्रान्समधील सेरे या गांवीं. गंमत अशी, कीं त्या पुलालाहि लोक ‘सैतानाचा पूल’ म्हणतात. तेथेंहि गवंडी विसरला गेला.

या पुलाची सर्वांत चमत्कारिक गोष्ट अजून सांगावयाचीच आहे. ही थोरली कमान दिसते एक, पण आहे अठ्ठावीस. फूट-सव्वा फूट रुंदीच्या २८ स्वतंत्र कमानी एकमेकींस खेटून उभ्या केल्या आहेत. त्या मिळून सुमारें तीस फूट रुंदीचा पूल झाला आहे. वडाच्या पानांची पत्रावळ लावतांना एका पानाची कड दुसऱ्या पानावर येते. गवंडीहि भिंत बांधतांना एका चिऱ्याचा सांधा दुसऱ्याच्या पोटाखालीं झांकतो. ही सांधेमोड येथें आडव्या दिशेनें ठेवलेलीच नाहीं. असें कां केलें असावें, याचे दोन-तीन फायदे लगेच ध्यानांत येतात. कमान पुरी होईपर्यंत तिला खालून लाकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागतो. सबंध तीस फूट रुंदीचा सांगाडा उभारावयाचा म्हणजे एक लहानसें अरण्यच तोडावें लागलें असतें. येथें एक अरुंद सांगाडा उभारावा, एक कमान पुरी करावी, आणि तोच सांगाडा बाजूला सरकवून पुढली घ्यावी. पुढेंमागें एखादी कमान बिघडली, तर शेजारणींना धक्का न लावतां तेवढीच काढून पुन्हां बसवितां येते. आणि काठची माती कोठें जराशी खचलीच, तर सबंध पूल तडकत नाहीं. अठ्ठावीस जणी आपापल्या परीनें तो फेर सोसून घेतात.

पण अठ्ठावीस जणी एकत्र नांदवावयाच्या म्हणजे त्या एकमेकींपासून फुटून निघण्याची धास्ती आलीच. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांना हें अधिक सांगावयास नको. बांधणाराला ही धास्ती पुरती ठाऊक होती, हें त्यानें केलेल्या बंदोबस्तावरून दिसतें. पूल दोन्ही टोकांशीं जरा रुंद आणि मध्यावर जरा अरुंद ठेवला आहे. त्यामुळें कडेच्या कमानी बाहेर न कलतां किंचित् आंत, मधल्या कमानींच्या अंगावर, रेलून राहतात. एका कमानींतील चिऱ्याला चिरा डमरूच्या आकाराच्या लोखंडी तुकड्यांनीं जोडला आहे. आडव्या दिशेनें लोखंडी गज घालून सर्व कमानी आवळल्या आहेत, आणि आंकड्यासारखे वळलेले लांब चिरे बाहेरच्या कमानीला कवटाळून धरतात. इतकें करूनहि ती धास्ती खोटी ठरली नाहीं. सोळाव्या शतकांत पश्चिमेकडच्या पांच कमानी नदींत कोसळल्या. त्या पुन्हां बांधण्यांत आल्या. अठराव्या शतकांत पूर्वेकडच्या तीन गेल्या. पूल मात्र उभाच राहिला. ज्या रचनेमुळें कडेच्या कमानी पडल्या, त्याच रचनेमुळें उरलेल्या वांचल्या. हा दोष म्हणावा कीं गुण, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. पण एकसंध कमानींत पांच फुटांचा पट्टा निखळला असता, तर बाकीची जागेवर राहती ना, असें मला वाटतें.

आतां लोकांनीं या पुलाचें काय केलें तें ऐका. चिनी लोकांत लू बान नांवाचा एक महान् कारागीर प्रसिद्ध आहे. सुतार, गवंडी आणि पाथरवट त्याला आपला आद्य गुरु मानतात. आपल्याकडील विश्वकर्म्याची जी जागा तीच तेथें त्याची. तो ख्रिस्तापूर्वी पांचव्या शतकांत होऊन गेला, म्हणजे पुलाच्या हजार वर्षें आधीं. पण कथेला काळाचें वावडें नसतें. लू बान आणि त्याची बहीण चाओचौला आलीं. नदी ओलांडतांना लोकांचे होणारे हाल त्यांनीं पाहिले, आणि दोघांनीं पैज लाविली, कीं एका रात्रींत कोंबडा आरवण्यापूर्वीं एकेक पूल बांधावयाचा. बहिणीनें गांवाच्या पश्चिमेस, भावानें दक्षिणेस. बहिणीचा पूल लवकर उरकला. भावाचें कोठवर आलें तें पाहावें म्हणून ती चोरपावलांनीं गेली, तों काय दिसलें? लू बान डोंगरावरून पांढऱ्या मेंढ्यांचा कळप हाकीत आणतो आहे. आणि नदीकांठीं येतांच एकेक मेंढी घडीव पांढरा चिरा होऊन बसते आहे! ती घाबरली, धांवत परत गेली आणि भावावर निदान नक्षींत तरी मात करावी म्हणून आपल्या पुलावर वेलबुट्टी कोरीत बसली. गांवाच्या पश्चिमेस असा एक धाकटा पूल खरोखरच आहे. तो थोरल्याच्याच वळणावर बांधलेला, त्याहून लहान आणि कोरीवकामानें नटलेला आहे. थोरल्या पुलाचा दगड पश्चिमेच्या डोंगराकडून आलेला, हेंहि खरेंच. मेंढरांच्या कळपाची कल्पना ज्याला प्रथम सुचली त्यानें चिरे भरलेल्या गाड्यांची रांग वळणावळणानें डोंगर उतरतांना कधीं पाहिली असावी.

पण खरी रंगतदार गोष्ट पुढेंच आहे. पुलाची कीर्ति ऐकून दोन सिद्ध पुरुष तो पाहावयास आले. एक चांग ग्वोलाओ. हा चिनी लोकांच्या अष्टसिद्धांपैकीं एक, गाढवावर बसून हिंडणारा म्हातारा. दुसरा छाय रुंग. हा एके काळचा बादशहा, पण या कथेंत एकचाकी हातगाडी ढकलीत येतो. दोघांनीं लू बानला नम्रपणें विचारलें, “आम्हां दोघांना तुमचा पूल पेलेल ना?” लू बान हंसला. ज्या पुलावरून भरलेल्या गाड्या आणि घोडे जातात, त्याला एक गाढव आणि एक हातगाडी यांची काय मातबरी! दोघे पुलावर चढले मात्र, पूल थरथरूं लागला. कारण म्हाताऱ्याच्या पडशींत सूर्य आणि चंद्र होते, आणि हातगाडींत चीनमधील महापर्वत भरलेले होते. लू बाननें नदींत उडी टाकली आणि पूर्वेच्या बाजूनें दोन्ही हातांनीं कमान तोलून धरली. पूल वांचला. त्या दिवसापासून पुलाच्या फरसबंदीवर गाढवाच्या खुरांचे ठसे आहेत, हातगाडीची चाकोरी आहे, ढकलतांना छाय रुंगचा गुडघा टेकला त्याची खूण आहे, आणि कमानीच्या पोटाला लू बानच्या पंजाचा ठसा आहे. एका पाठांत पुढें असेंहि सांगतात, कीं समोर सिद्ध पुरुष उभे असतांना आपल्याला ते ओळखतां आले नाहींत, या शरमेनें लू बाननें आपला एक डोळा उपटून टाकला. म्हणून सुतार अजूनहि फळीची धार पाहतांना एक डोळा मिटतो.

चांग ग्वोलाओ हा थांग काळांतला, छाय रुंग तर दहाव्या शतकांतला. म्हणजे हजार वर्षें आधींचा कारागीर, मागाहून शें-सव्वाशें वर्षांनीं झालेला सिद्ध, आणि त्याच्याहि नंतर दोनशें वर्षांनीं झालेला बादशहा, हे तिघे या पुलावर एकत्र आले. इतिहासाच्या शिक्षकानें ही कथा ऐकून कपाळावर हात मारावा. परंतु चीनमधील कांहीं अभियंत्यांनीं ती निराळ्या कानांनीं ऐकली. त्यांचें म्हणणें असें, कीं खुरांचे ठसे आणि चाकोरी या मूळच्या खुणा असाव्यात: भारी गाडी कडेनें न नेतां या रेषेच्या आंतून न्यावी, हें निरक्षर गाडीवानाला कळण्यासाठीं. कमानीखालचा पंजा हीहि खूणच: दुरुस्तीच्या वेळीं आधार द्यावयाचा तो येथें. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तो टाकाऊहि नव्हे. या पुलाची दुबळी जागा म्हणजे कडेच्या कमानी, हें आपण पाहिलेंच. आणि कथेंतला पूलहि ओझ्यानें थरथरतो तो कडेलाच सांवरावा लागतो. ‘भारी गाडी मध्यावरून न्या’ अशी पाटी लाविली असती, तर ती दोन पिढ्यांत पुसून गेली असती. सूर्यचंद्र पडशींत घालून गाढवावरून जाणारा म्हातारा मात्र पोरासोरांच्याहि ध्यानांत राहिला.

थांग काळांत याच चाओचौमध्यें झेन पंथाचा एक थोर भिक्षु राहत असे. गांवाच्या नांवावरूनच लोक त्याला ओळखीत. त्याची एक आख्यायिका आहे. कोणी प्रवासी त्याला म्हणाला, कीं येथल्या दगडी पुलाचा मोठा लौकिक ऐकून आलों, पण पाहतों तों हा नुसता ओंडक्यांचा साकव! प्रवाशाचा टोमणा अर्थात् पुलाला नव्हता, त्या साध्यासुध्या भिक्षूला होता. भिक्षु म्हणाला, कीं तुला साकवच दिसला, पूल दिसला नाहीं. मग तो पूल कसा आहे असें विचारतां त्यानें उत्तर दिलें, कीं त्यावरून गाढवेंहि जातात आणि घोडेहि जातात. या उत्तरांतलें वेदान्त उलगडण्याचा अधिकार माझा नाहीं. मला एवढेंच दिसतें, कीं पूल बांधून दोन-अडीच शतकें झालीं होतीं, आणि तरीहि दूरदूरचे लोक तो मुद्दाम पाहावयास येत होते.

मग ज्यानें तो खरोखर बांधला त्याचें काय? आठव्या शतकांत चांग च्याचेन नांवाचा एक मोठा अधिकारी होऊन गेला. तो पुढें थांग बादशहाचा मंत्रीहि झाला. त्यानें या पुलावर एक लेख रचिला. त्यांत तो म्हणतो, कीं हा पूल स्वेइ काळांतील कारागीर ली छुन याची कृति होय, त्याची रचना विलक्षण आहे, आणि त्यानें ती कशी साधली हें कोणाला कळत नाहीं. बस्स, एवढेंच. ली छुनचें गांव, वय, गुरु, मजुरी, कशाचाहि पत्ता कोणत्या इतिहासग्रंथांत नाहीं. बादशहांच्या भोजनाच्या याद्या जपणाऱ्या देशांत या माणसासाठीं निघाली ती एक ओळ. ती तरी निघाली, याबद्दल त्या मंत्र्याचे आभार मानले पाहिजेत. कारण त्याच्यानंतर गाण्यांतून आणि खेळांतून जो प्रश्न विचारला गेला, कीं चाओचौचा पूल कोणीं बांधला, त्याचें लोकांचें उत्तर ठरलेलें आहे: लू बाननें.

१९३३ सालीं ल्यांग सु-चेंग नांवाचा एक तरुण वास्तुशास्त्रज्ञ चाओचौला आला. अमेरिकेंत शिकलेला हा गृहस्थ आपल्या सहकाऱ्यांसह उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांतून हिंडून जुन्या इमारतींचीं मापें घेत होता. त्या भागांत एक म्हण प्रचलित आहे. तींत उत्तरेकडील चार आश्चर्यें मोजलेलीं आहेत: एक लोखंडी सिंह, एक मनोरा, एक बुद्धमूर्ति आणि चाओचौचा पूल. पंडितांच्या ग्रंथांपेक्षां अशा म्हणींनींच आपल्याला अधिक वाट दाखविली, असें त्याचें मत होतें. त्यानें पुलाचीं मापें घेतलीं, नकाशे काढले, पायथ्याशीं खणून पाहिलें, आणि ली छुनचें नांव विद्वानांपुढें पुन्हां मांडलें. १९३८ सालीं अमेरिकेंतील एका वास्तुशास्त्रविषयक मासिकांत त्याचा लेख आला, आणि पोकळ खांद्यांची जी तऱ्हा आपण अर्वाचीन समजत होतों ती तेराशें वर्षांची जुनी आहे, हें पाश्चात्य वाचकांस कळलें.

यापुढची हकीकत थोडी दुःखाची आहे. पूल मोडकळीस आला होता. १९५५ ते १९५८ या काळांत चिनी सरकारनें त्याची मोठी दुरुस्ती केली. पडलेल्या कमानी पुन्हां उभारल्या, आंतून सिमेंटचा आधार दिला, फरसबंदी आणि कठडे नवे केले. कामांत कसूर झाली असें कोणी म्हणणार नाहीं. १९६६ च्या मार्चमध्यें शिंगथाय भागांत दोन भयंकर भूकंप झाले, त्यांतूनहि पूल सुखरूप राहिला. पण ल्यांगला तो नवा पूल पाहून बरें वाटलें नाहीं. १९६३ सालीं लिहिलेल्या एका लेखांत त्यानें आपलाच दाखला दिला. त्याचे सगळे दांत पडले होते. दंतवैद्यानें कवळी बसविली ती मोत्यासारखी शुभ्र आणि सरळ न करतां किंचित् पिंवळसर, थोडी विरळ अशी केली, कारण म्हाताऱ्याच्या तोंडाला तीच शोभते. चाओचौच्या पुलाला मात्र तरुणपणाचे दांत बसविले, आणि त्याचें वार्धक्य, त्याबरोबर त्याचा मान, निघून गेला, असा त्याचा सूर होता. ज्यानें या पुलासाठीं तीस वर्षें जीव टाकला त्याची ही तक्रार होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. दुसऱ्या बाजूनें हेंहि खरें, कीं दुरुस्ती न होती, तर उरलेल्या कमानी किती दिवस उभ्या राहिल्या असत्या कोण जाणे. घरांतली जुनी वास्तु पाडावी, सारवून-रंगवून ठेवावी, कीं आहे तशीच टेकू देऊन जगवावी, या वादांत घरोघरचे भाऊ भांडलेले आपण पाहिले आहेत. मी स्वतः ल्यांगच्या बाजूचा आहें; पण पूल ओलांडून रोज बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्यानें माझें ऐकावें, असा माझा आग्रह नाहीं.

त्या दुरुस्तीच्या वेळीं एक लाभ मात्र अनपेक्षितपणें झाला. नदीच्या गाळांतून जुन्या कठड्यांचे दगड वर निघाले. ते स्वेइ काळचे. त्यांवर कोरलेले नाग-मगरींसारखे चिनी व्याल एकमेकांना विळखे घालून, दगडाच्या आंतून घुसून बाहेर डोकें काढतात, असें दाखविलें आहे. कमानीच्या ऐन माथ्यावर, पाण्याकडे पाहणारें एक अक्राळविक्राळ मुख कोरलेलें असतें. पुराला धाक दाखविण्यासाठीं तें, अशी समजूत. पुरानें तो धाक मानला कीं नाहीं कोणास ठाऊक, पण शतकानुशतकें गाळांत पडून राहिल्यामुळें कठड्यांवरचे ते व्याल अजून अगदीं टवटवीत राहिले आहेत. ल्यांगला जी नव्या पुलांत सांपडली नाहीं, ती ली छुनच्या पाथरवटांच्या छिन्नीची खूण या फुटक्या दगडांवर पाहावयास मिळते.

१९९१ सालीं अमेरिकेंतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनें जगांतील ऐतिहासिक बांधकामांत या पुलाची नोंद केली. आज त्यावरून गाड्या जात नाहींत. वाहनांसाठीं दुसरी वाट आहे. भोंवतीं बाग केली आहे आणि बागेंत ली छुनचा पुतळा उभा आहे. त्याचा चेहरा अर्थात् मूर्तिकाराच्या मनांतला. पाहुण्यांना पूल दाखवितांना वाटाडे अजूनहि आधीं खालीं वांकून गाढवाचे खूर आणि चाकोरी दाखवितात, आणि मग लू बानच्या पंजाची गोष्ट सांगूं लागतात.